चौदा मीटर दोरीवर धर्मसुधारणा: वर्गात शिकवायची एक रीत

युरोपातली धर्मसुधारणा चळवळ आपल्याकडे बहुतेक वर्गांत एका दारावर आणि एका खिळ्यावर उरकली जाते. मार्टिन ल्यूथर, विटेनबर्ग, ३१ ऑक्टोबर १५१७, ९५ मुद्दे, मग फळ्यावर 'कारणे' आणि 'परिणाम'. पोरं पाठ करतात, मार्कही पडतात. पण ल्यूथर आणि झुरिचचा सुधारक झ्विंग्ली दोघंही पोपच्या विरोधात असताना एकमेकांशी का भांडले, असं विचारलं की वर्ग गप्प. खरं तर ही सव्वाशे-दीडशे वर्षं चाललेली भांडणांची साखळी आहे. त्यात प्रश्न तीनच फिरून फिरून येतात: शेवटचा शब्द कुणाचा, माणूस तरतो कशानं, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या, मेजावर नेमकं काय घडतं. चौथी गोष्ट राज्यकर्त्याची मर्जी. हे चार धागे हातात राहिले तर बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

ही रीत नववी ते पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या ४० जणांच्या वर्गासाठी आहे. दोन जोडतासिका आणि एक छोटी भेट लागते. सामान: ४ मिलिमीटर जाडीची सुती दोरी १५ मीटर, कपड्यांचे ४० चिमटे, चार रंगांचं कार्डपेपर, दर दोघांमागे एक ए-थ्री कागद (चुकणाऱ्यांसाठी काही जादा), एक टेबल, एक चादर, खडू. आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात एका फेरीत सगळं मिळतं. नायलॉनची दोरी घेऊ नका, चिमटे घसरतात.

दोरी

एका वर्षाला १० सेंटिमीटर. १५१० ते १६५० ही १४० वर्षं म्हणजे १४ मीटर, आणि बांधायला दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर. दशकांच्या १५ खुणा करायच्या आहेत. इथं पहिली चूक होते: हौसेनं गाठी मारल्या जातात. एका गाठीत तीन-चार सेंटिमीटर दोरी जाते, १५ गाठींत अर्धा मीटर, म्हणजे पाच वर्षं गायब. शेवटी १६४८ चा वेस्टफालियाचा तह दोरीबाहेर लोंबतो. त्यामुळं दोरी जमिनीवर ताणून, टेप लावून, मार्करनं खूण करा आणि तिथं रंगीत दोरा गुंडाळा. सुती दोरी टांगल्यावर थोडी झोळते, दर तीन मीटरला खिळ्याचा आधार द्या.

एका भिंतीवर १४ मीटर मावत नाही. दोरीची सुरुवात कोपऱ्यापासून साडेचार मीटरवर करा, म्हणजे भिंतीचं वळण बरोबर १५५५ ला येतं. आउग्सबुर्गच्या तहाला वर्गही वळतो, पोरांच्या डोक्यात ते साल घर करून बसतं.

कार्डं ७ सेंटिमीटर रुंदीची कापा. तरीही १५१७ ते १५२५ या ८० सेंटिमीटरमध्ये दाटी होणारच, तिथली कार्डं लांब-आखूड दोऱ्यांनी खाली-वर सोडा. रंग पंथावरून देऊ नका. कॅथलिक एक रंग, ल्यूथरवाले दुसरा, जिनिव्हाच्या कॅल्विनचे अनुयायी तिसरा असं केलं की वर्गात लगेच पाटाकडील विरुद्ध दिलबहार, म्हणजे कोल्हापूरच्या तालमींचा फुटबॉल सामना, सुरू होतो. आपल्या गावात पोरांना बाजू घ्यायला निमित्त लागत नाही. रंग प्रश्नावरून द्या: अधिकार पिवळा, तारण हिरवा, मेज निळा, राज्यसत्ता लाल. १५३४ साली आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख करणारा कायदा झाला, त्या कार्डाला कुठला रंग द्यायचा यावर वर्ग अडतो. अडू द्या. याच हेन्रीनं ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहिलं म्हणून १५२१ मध्ये पोपनं त्याला 'धर्मरक्षक' ही पदवी दिली होती. आणि ३० जुलै १५४० ला लंडनमध्ये त्याच्या राज्यात एकाच दिवशी तीन सुधारणावाद्यांना जाळलं, तीन कॅथलिकांना फाशी दिली. 'हेन्री प्रोटेस्टंट झाला' हे वाक्य उत्तरपत्रिकेतून घालवायला हे एवढं पुरतं.

दोरीच्या खालच्या बाजूला आपल्याकडची सालं लावा: १५२६ पानिपत, १५४२ फ्रान्सिस झेवियर गोव्यात, १५६५ तालिकोट, १६१६ ख्रिस्तपुराण, १६३० शिवजन्म. १६१६ च्या कार्डापाशी जरा थांबा. ख्रिस्तपुराणाचा कर्ता थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. एलिझाबेथच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणं अवघड, म्हणून बाहेर पडला, जेझुइट या कॅथलिक संघात गेला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा लिहिली. ती राचोलला रोमन लिपीत छापली गेली. युरोपातली फूट आपल्या भाषेत ओवी होऊन उतरली, हे दाखवायला कोल्हापूरहून फार लांब जावं लागत नाही.

तारखांचा एक फास आधीच काढून टाका. पोप तेराव्या ग्रेगरीनं १५८२ मध्ये पंचांग दुरुस्त केलं, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. कॅथलिक देशांनी लवकर स्वीकारलं. गणित बरोबर असूनही ते पोपकडून आलं म्हणून जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांनी १७०० पर्यंत आणि इंग्लंडनं १७५२ पर्यंत नाकारलं. त्यामुळं १५८२ नंतरच्या एकाच घटनेच्या दोन पुस्तकांत दोन तारखा सापडतात. शिवजयंती तिथीनं की तारखेनं, हा वाद ऐकत वाढलेल्या पोरांना यात काही नवल वाटत नाही.

पावती

पहिल्या तासिकेची सुरुवात ल्यूथरपासून करू नका, कर्जापासून करा. आल्ब्रेख्ट हा चोविशीतला सरदारपुत्र १५१४ मध्ये माइन्झचा आर्चबिशप झाला. माग्डेबुर्गचं आर्चबिशपपद त्याच्याकडे आधीच होतं. वय कमी, पदं जास्त, त्यामुळं रोमकडून खास परवानगी लागली आणि तिच्यासाठी आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीचं कर्ज. ते फेडायला त्याच्या प्रदेशात पापमुक्तीपत्रं विकायची मुभा मिळाली. जमेतला निम्मा हिस्सा कर्जफेडीला, निम्मा रोममध्ये सेंट पीटरच्या बांधकामाला.

४० चिठ्ठ्या करा: एक राजा, दोन छोटे सरदार, पाच व्यापारी, २० कारागीर, १२ कफल्लक. आल्ब्रेख्टच्या सूचनापत्रकात दर ठरलेले होते: राजे-आर्चबिशप यांना २५ गुल्डन (सोन्याची नाणी), खालच्या सरदारांना ६, व्यापाऱ्यांना ३, कारागिरांना १, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं उपास व प्रार्थना करावी. वर्गाची जमा ७२ गुल्डन होते. ३६ फुग्गरच्या डब्यात, ३६ रोमच्या. दोन डबे समोर ठेवून पैसे मोजले की कारणांची यादी सांगावी लागत नाही.

इथं दुसरी चूक, आणि ती शिक्षकाकडूनच होते: 'पैसे दिले की पाप माफ' असं सांगितलं जातं. चर्चची शिकवण तशी नव्हती. पापाची क्षमा पश्चात्ताप आणि पापनिवेदनानं मिळते, तरी भोगायची काही शिक्षा उरते, ती इथं किंवा मेल्यावर शोधनस्थानात पुरी करायची. पत्र त्या उरलेल्या शिक्षेत सूट देत होतं. गुन्हा माफ झाला तरी दंड शिल्लक, असं समजा. टेट्झेलसारखे पत्रं विकणारे प्रचारक बाजारात उभे राहून ही बारीक रेघ पुसून टाकत, आणि ल्यूथरचा पहिला राग त्या पुसण्यावर होता. ९५ पैकी चार मुद्दे फळ्यावर लिहा, क्रमांकासह: १ (ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं), २७ (पेटीत नाणं खणखणताच आत्मा सुटतो असं सांगणारे माणसाच्या मनचं सांगतात), ४३ (पत्र घेण्यापेक्षा गरिबाला देणं बरं), ८६ (पोप एवढा श्रीमंत असताना चर्च स्वतःच्या पैशानं का बांधत नाही). चारांवर सगळा सूर कळतो. ९५ वाचायला लावलेत तर विसाव्यापाशी मागचे बाक झोपतील.

टेट्झेलला सॅक्सनीत, म्हणजे ल्यूथरच्या विटेनबर्गच्या राज्यात, बंदी होती. विटेनबर्गची माणसं हद्दीपलीकडं युटरबोगला जाऊन पत्रं आणत, आपण पेट्रोल भरायला निपाणी गाठतो तसं. बंदी घालणारा सॅक्सनीचा राज्यकर्ता फ्रीडरिक काही ल्यूथरचा चेला नव्हता. त्याच्याकडेच १९,००० वर पवित्र अवशेषांचा संग्रह होता आणि त्यांच्या दर्शनालाही अशीच सूट जोडलेली होती. गिऱ्हाईक बाहेर जाऊ नये हाही हिशेब त्यात धरावा.

खिळ्याचं काय? ल्यूथरनं त्या दिवशी आल्ब्रेख्टला पाठवलेलं पत्र आजही आहे. दारावर ठोकल्याचं मात्र त्यानं स्वतः कुठं लिहिलेलं नाही. ते त्याचा सहकारी मेलांक्थॉन यानं ल्यूथरच्या मृत्यूनंतर, १५४६ मध्ये लिहिलं, आणि १५१७ मध्ये मेलांक्थॉन विटेनबर्गात नव्हताच. वर्गात 'पाठवले' म्हणा, 'ठोकले असं सांगतात' म्हणा.

एका कागदाचं पुस्तक

मूळ मुद्दे लॅटिनमध्ये होते, विद्वानांसाठी. आग लावली ती १५१८ च्या जर्मन छोट्या पुस्तिकेनं, जिच्यात ल्यूथरनं पापमुक्तीपत्रांवरचं म्हणणं साध्या भाषेत मांडलं. आठ पानं, म्हणजे एकच ताव. दोन-तीन वर्षांत ती वीसहून अधिक वेळा छापली गेली. छापखान्यामुळं चळवळ पसरली हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. ती का पसरली, ते हातानं घडी घातल्यावरच कळतं.

ए-थ्री कागद उभा धरा. मधोमध आडवी आणि उभी रेघ मारून चार चौकोन करा. पहिल्या बाजूला खालच्या ओळीत डावीकडे ८, उजवीकडे १. मग कागद उलटा फिरवून वरच्या ओळीतले आकडे लिहा, असे की कागद पुन्हा सरळ केल्यावर ते डोक्यावर उभे दिसतील: ८ च्या वर ५, १ च्या वर ४. आता कागदाची दुसरी बाजू, पुस्तकाचं पान उलटतो तसा उलटून: खाली डावीकडे २, उजवीकडे ७, वर डोक्यावर उभे ३ आणि ६, म्हणजे २ च्या वर ३, ७ च्या वर ६. पहिली बाजू समोर ठेवून वरचा अर्धा भाग मागं दुमडा. मग डावा अर्धा मागं दुमडा. १ वर येतो. वरची घडी पट्टीनं फाडली की आठ पानांची पुस्तिका हातात.

निम्म्या जोड्यांची पानं उलटी येतात. कारण ठरलेलं: वरची ओळ सरळच लिहिली, किंवा कागद पानासारखा न उलटता वरून खाली पलटला. चुकलेल्यांना दुसरा कागद द्या, पण पहिला टाकू देऊ नका. छापखान्यातही हेच होत असे, आणि तिथं अक्षरंही उलटी जुळवायची.

मग हिशेब करा. एक ताव, दोन बाजू, दोन माणसांचं एक यंत्र. जाड ग्रंथ छापायला छापखान्याचं भांडवल महिनोनमहिने अडकतं, एका तावाची पुस्तिका दोन-तीन दिवसांत तयार होऊन विकली जाते, पैसा लगेच सुटतो. त्यामुळं छापणाऱ्यांना ल्यूथर परवडत होता. रोमच्या बाजूचे पंडित लॅटिनमध्ये लांबलचक उत्तरं लिहीत राहिले आणि ती पडून राहिली. पुढं १५२२ च्या सप्टेंबरात ल्यूथरचा जर्मन नवा करार सुमारे ३,००० प्रतींत निघाला. वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असताना जेमतेम ११ आठवड्यांत त्यानं हे भाषांतर उरकलं होतं.

मारबुर्गचं मेज

हा सगळ्यात मोलाचा भाग, याला २५ मिनिटं राखून ठेवा. १५२९ चा ऑक्टोबर. हेसे या जर्मन राज्याच्या फिलिपला प्रोटेस्टंटांची एकजूट हवी होती, कारण सम्राटाशी लढायची वेळ येणार हे त्याला दिसत होतं. त्यानं ल्यूथर आणि मेलांक्थॉन यांना एका बाजूला, झुरिचच्या झ्विंग्लीला आणि बाझेलच्या इकोलाम्पाडियसला दुसऱ्या बाजूला बसवलं. चर्चेआधी ल्यूथरनं खडूनं मेजावर लॅटिनमध्ये येशूचे शब्द लिहिले, 'हे माझे शरीर आहे', आणि वर कापड ओढलं. पुढं वाद तापल्यावर त्यानं कापड बाजूला सारून ती ओळ दाखवली.

चार पोरांना बसवा, पाचवा फिलिप. ओळ मराठीत लिहा, चादरीनं झाका. सगळं भांडण 'आहे' या एका क्रियापदावर आहे. झ्विंग्लीच्या बाजूला सांगा: येशू 'मी द्राक्षवेल आहे' असंही म्हणतो, म्हणून काय त्याला पानं फुटली होती? 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. आई पोराला 'माझा वाघ आहे' म्हणते, ते मराठी पोराला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळं वर्ग पाच मिनिटांत झ्विंग्लीकडं झुकतो. तेव्हा तुम्ही ल्यूथरच्या मागं उभं राहा. त्याचं म्हणणं: शब्द देवाचे आहेत, अर्थ सोयीचा लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? इथं उपमा धरली तर उद्या कुठल्याही वचनाची उपमा होईल, आणि मरणाच्या दारातला माणूस उपमेवर विसंबत नाही. कॅथलिक बाजू तिसरी: भाकरी आणि द्राक्षारसाचं मूळ द्रव्यच पालटतं, रूप-रस-गंध तेवढे राहतात. ल्यूथरला हे पालटणं मान्य नव्हतं, ख्रिस्ताची खरी उपस्थिती मात्र मान्य होती. कॅल्विन पुढं आणखी निराळं सांगेल: उपस्थिती खरी, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे.

शेवटी त्यांचे १५ मुद्दे झाले, १४ वर एकमत, पंधराव्यातला हा भाग सुटला नाही. फिलिपची एकजूट तिथं मोडली. दोन वर्षांनी झ्विंग्ली कापेलच्या लढाईत मारला गेला.

या मेजावर ब्रेड, सरबत काही ठेवू नका. चादर आणि खडू पुरेत. वर्गात प्रेस्बिटेरियन (कॅल्विनच्या परंपरेतला प्रोटेस्टंट पंथ) घरातली, कॅथलिक घरातली मुलं असू शकतात. त्यांच्यासाठी हा संस्कार रविवारचा आहे, नाटकाचा नाही. 'तुमच्यात कसं असतं सांग बघू' असं त्यांना उभं करून विचारणंही टाळा.

झ्विंग्लीला धरूनच झुरिचची सॉसेजची गोष्ट सांगून टाका. १५२२ च्या उपासकाळात, मांस वर्ज्य असताना, फ्रोशाउअर या छापखानेवाल्याच्या घरी दमलेल्या कामगारांसमोर सॉसेज कापून वाढले गेले. झ्विंग्ली हजर होता, त्यानं खाल्लं नाही, पण मागून त्यांच्या बाजूनं प्रवचन दिलं: शास्त्रात बंदी नाही, तर माणसानं घालू नये. श्रावणी सोमवारी भर पेठेत कुणी पांढऱ्या रश्श्याची वाटी उघड पुढं ठेवली तर काय होईल, एवढं विचारा. पुढचं पोरंच सांगतात.

आणि याच झुरिचनं मोठेपणी बाप्तिस्मा घेण्याचा आग्रह धरणाऱ्या फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये लिम्माट नदीत बुडवून मारलं. जिनिव्हात १५५३ मध्ये त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) नाकारणाऱ्या सर्व्हेटसला जाळलं. सुधारक म्हणजे सहिष्णु, असं समीकरण वर्गात शिरत असेल तर ही दोन कार्डं दोरीवर ठसठशीत लावा.

संस्थानांचा नकाशा

'ल्यूथरला का जाळलं नाही?' हा प्रश्न येतोच. त्याच्या शंभर वर्षं आधी चर्चवर टीका करणाऱ्या बोहेमियाच्या यान हुसला १४१५ मध्ये जाळलं होतं, मग हा कसा वाचला? उत्तर नकाशात आहे. पवित्र रोमन साम्राज्य म्हणजे तीनशेवर लहानमोठ्या राज्यांची गोधडी, वर सम्राट पाचवा चार्ल्स, ज्याला एकीकडे फ्रान्स आणि दुसरीकडे तुर्क. १५२९ मध्ये तुर्क व्हिएन्नाच्या वेशीवर होते. संस्थानिकांची फौज आणि पैसा हवा, तर त्यांना दुखवून चालत नाही. कोल्हापूरच्या पोरांना यासाठी जुना दक्षिण महाराष्ट्राचा नकाशा दाखवा: कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी, मुधोळ, मध्येमध्ये ब्रिटिश मुलूख. बैलगाडीनं एका दिवसात दोन-तीन हद्दी ओलांडायच्या. १५५५ चा आउग्सबुर्ग तह अशाच नकाशावर बेतलेला होता: ज्याचं राज्य त्याचा धर्म, न पटणाऱ्यानं घरदार विकून दुसऱ्या राज्यात जावं. पर्याय मात्र दोनच, कॅथलिक किंवा ल्यूथरपंथी. कॅल्विनवाले तहात नव्हतेच, आणि १६१८ ला पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धाची एक वात तिथंच उरली. त्यांना १६४८ मध्ये वेस्टफालियानं जागा दिली. उपमा इथवरच ताणा, सम्राट म्हणजे इंग्रज रेसिडेंट नव्हे.

दुसरी उपमा न सांगताही वर्गात येते: वेदोक्त प्रकरण. शाहू महाराजांनी १९२० मध्ये क्षात्र जगद्गुरूंचं पीठ स्थापलं, ते आठवून कुणीतरी त्यांना 'आपले ल्यूथर' म्हणतो. देव आणि माणूस यांच्यामध्ये कोण उभा राहणार, एवढ्या एका प्रश्नावर जुळणी आहे. पुढं वाटा फुटतात. इकडचा वाद जातीच्या अधिकाराचा, तिकडचा कृपेचा. आणि शाहू महाराज स्वतः राजे होते, ल्यूथरला राजा शोधावा लागला.

कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद (१५४५ ते १५६३) एका कार्डात उरकू नका, निदान तीन लावा: शिकवणीतली ठाम रेघ, धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी, आणि पत्रांच्या विक्रीला चाप. पैसे घेऊन दिलेल्या सवलती पोप पाचव्या पायसनं १५६७ मध्ये रद्द केल्या. म्हणजे टेट्झेलचा धंदा शेवटी रोमनंच बंद केला.

भेट

तिसरा दिवस चर्चभेटीचा. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, पुढं इथलं मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडं गेलं. वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. ही वंशावळ दोरीवरून उलटी वाचा: कोल्हापूर, अमेरिका, स्कॉटलंडमध्ये १५६० साली तिथला सुधारक जॉन नॉक्स, आणि त्याच्या मागं कॅल्विनचं जिनिव्हा, जिथं १५४१ च्या नियमावलीत चार पदं ठरली: पाळक, शिक्षक, वडील, डीकन (गोरगरिबांची मदत पाहणारा). वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे सामान्य माणसांतले लोक. बिशप नाही.

आधी पाळकांची परवानगी घ्या, उपासनेची वेळ टाळा, दहा-पंधरा जणांचे गट करा. हातात एवढेच प्रश्न द्या: आत शिरल्यावर नजर पहिल्यांदा कुठं जाते, वेदीकडं की प्रवचनाच्या व्यासपीठाकडं? मूर्ती, चित्रं किती? पापनिवेदनाची जागा आहे का? बाप्तिस्म्याचं पात्र कुठं? मग शहरातल्या एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये तेच प्रश्न, तोच क्रम. फोटो काढू देऊ नका, रेखाटन करायला सांगा, फोटोत कुणी नीट बघत नाही. परतल्यावर दोन्ही रेखाटनं शेजारी लावून प्रत्येक फरकाला दोरीवरचं एक कार्ड शोधायला लावा. बहुतेकांचा हात निळ्या कार्डांकडं जातो.

दोरी उतरवताना कार्डं काढून सालानुसार रबरबँड लावा आणि १६५० च्या टोकापासून गुंडाळायला सुरुवात करा. पुढच्या वर्षी उलगडताना १५१० आधी हातात येतं.